दोन सिलिंडर की चार? ६५०च्या दोन गाड्यांचा हिशोब

लांब पल्लाही गाठायचा आणि वळणावर गाडी झोपवायची हौसही भागवायची, अशा मंडळींच्या यादीत बहुधा दोन नावं उरतात: कावासाकी निन्जा ६५० आणि होंडा सीबीआर ६५०आर. इंजिन दोघींचं ६४९ सीसी. किंमत मात्र निन्जाची आठ लाखांच्या आसपास आणि सीबीआरची दहाच्या पुढे.

हे झाले एक्स-शोरूम आकडे. सप्टेंबर २०२५पासून ३५० सीसीवरच्या दुचाकींना लागलेला ४० टक्के जीएसटी त्यात धरलेला असतो. आरटीओचा कर वेगळा. महाराष्ट्रात २९९ सीसीच्या पुढे तो १२ टक्के, म्हणजे आठ लाखांवर ९६ हजार आणि दहा लाखांवर १ लाख २० हजार. गाडी कंपनीच्या नावावर किंवा आयात म्हणून नोंदली गेली, तर कर आणखी चढतो. म्हणून कोटेशन हातात आलं की आधी कराची ओळ वाचा. थर्ड पार्टी विम्याचा पाच वर्षांचा हप्ता १५,११७ रुपये, वर जीएसटी. इथे दोघी सारख्याच. झीरो डेपवर मात्र काटकसर नको. साध्या विम्यात प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात आणि या गाड्यांचं अर्धं अंग प्लास्टिकचंच असतं. चिखलात साइड स्टँड रुतून गाडी आडवी झाली तरी फेअरिंगचा खर्च डोळे पांढरे करतो.

आता इंजिन. निन्जाचे दोन सिलिंडर ६,७०० आरपीएमला ६४ न्यूटन मीटर टॉर्क देतात. सीबीआरचे चार सिलिंडर ६३ देतात, पण ९,५०० ला. सीबीआरची ताकद सुमारे ९५ पीएस, निन्जाची ६८. हा फरक दिसतो तो सीबीआरचा काटा बारा हजारांकडे सरकल्यावर. मागे माणूस, बाजूला बॅगा आणि समोर आंबोली घाट असेल तर तो काटा तिथवर नेणार कोण? मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर दुचाकींना बंदी, समृद्धीवरही बंदी. जुन्या महामार्गावर ट्रकांच्या मागून चढताना खालच्या आरपीएमचा टॉर्कच कामाला येतो. चार सिलिंडरचा आवाज ऐकून माणूस विरघळतो हे खरं, आणि एकट्याने पहाटे गाडी काढणाऱ्याला तेवढं कारण पुरेसं असेलही. पण मागच्या छोट्याशा सीटवर बायकोला कोल्हापूरपर्यंत न्यायचं असेल, तर तिला आधी तिथे बसवून बघा, मगच बुकिंगचे पैसे भरा.

पेट्रोलवरून डोकं खाऊ नका. निन्जा लिटरला वीस-बावीस किलोमीटर देते, सीबीआर दोनेक कमी. वर्षाला सहा हजार किलोमीटर धरले तर फरक तीन-चार हजारांचा. खरी कात्री टायरला लागते. चांगल्या टूरिंग रेडियलची जोडी पंचवीस-तीस हजारांच्या घरात जाते. निन्जाला मागे १६०चा टायर, सीबीआरला १८०चा, म्हणजे तिथेही होंडा महाग. स्पार्क प्लग दोनऐवजी चार, व्हॉल्व्ह आठऐवजी सोळा. क्लिअरन्स तपासायची वेळ आली की मजुरीही त्या मानाने वाढते. शिवाय होंडाच्या मोठ्या गाड्या बिगविंग टॉपलाइन शोरूममध्येच मिळतात. गावातलं साधं बिगविंग पाहून निर्धास्त होऊ नका.

सेकंडहँड बघत असाल तर मागच्या स्प्रॉकेटवरची चेन, अगदी मागच्या टोकाला, बोटांनी बाहेर ओढा. अर्धा दात उघडा पडला तर चेन-स्प्रॉकेटचा खर्च किमतीतून वजा करून मागा. टायरवरचे चार आकडेही वाचा: ३२२३ म्हणजे २०२३चा बत्तिसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी पाच-सहा वर्षांचं रबर पावसात दगा देतं.

माझा कौल जोडीने फिरणाऱ्यांसाठी निन्जाला. वाचलेल्या पैशांतून आधी सॅडल बॅगा, क्रॅश गार्ड आणि दोघांसाठी बरी जॅकेटं घ्या. एवढं होऊनही टायरच्या दोन-तीन जोड्यांची सोय उरते.