ट्रॅक्टरची बॅटरी वारंवार उतरते? नवी घेण्याआधी हे तपासा



खरिपाचं धान निघालं की ट्रॅक्टर पंधरा-वीस दिवस उभाच राहतो. मग उन्हाळी धानाच्या चिखलणीला सकाळी सेल्फ मारावा, तर नुसता कट-कट आवाज. तिकडे रोवणीच्या बाया बांधीवर येऊन बसलेल्या, आणि इकडे आपण धक्का मारायला माणसं शोधतोय. बरेच जण मग सरळ तिरोड्याला जाऊन नवी बॅटरी आणतात. आपल्या एका सभासदाने दोन वर्षांत दोन बॅटऱ्या बदलल्या, तिसरीही उतरायला लागली. दोष होता गाण्यांच्या डेकचा. त्याची वायर चावीवर न घेता थेट बॅटरीला जोडली होती. डेक बंद दिसला तरी आतून करंट खात होता.

शक्यता तीनच: बॅटरी चार्ज धरत नाही, इंजिन तिला चार्ज करत नाही, किंवा उभ्या ट्रॅक्टरमध्ये करंट कुठेतरी जातो आहे.

*आधी फुकटची तपासणी*
बॅटरी पूर्ण चार्ज करून घ्या. रात्री मायनसची वायर काढून ठेवा. दोन-तीन दिवसांनी वायर लावून सेल्फ मारा. झटक्यात चालू झाला तर बॅटरी ठीक, दोष चार्जिंगमध्ये किंवा वायरिंगमध्ये आहे. तरीही उतरली असेल तर बॅटरीच कमजोर.

*मीटर असेल तर*
साधा डिजिटल मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो, दोन-चार घरांत मिळून एक घ्या. रात्रभर उभ्या ट्रॅक्टरवर सकाळी व्होल्ट बघा. १२.६ म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. चार्ज करूनही १०.५ च्या आसपासच राहत असेल तर सहापैकी एक सेल गेला समजा, तिच्यावर आणखी खर्च करू नका.

आता इंजिन चालू करून रेस थोडी वाढवा. १३.८ ते १४.४ आले पाहिजे. आकडा १२.५ वरच राहिला तर आधी फॅन बेल्ट ढिला आहे का ते बघा, मग अल्टरनेटर. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडला. तो बॅटरीचं पाणी उकळवून टाकतो.

चोर शोधायचा तर सगळं बंद, चावी काढलेली. मायनसची वायर काढा. मीटर १० अँपिअरवर ठेवून एक टोक मायनस टर्मिनलला, दुसरं काढलेल्या वायरला लावा. या वेळी सेल्फ चुकूनही मारू नका, मीटर जाईल. जुन्या साध्या ट्रॅक्टरला आकडा शून्याजवळ हवा. पिकअप किंवा कारला ०.०५ पर्यंत चालतो. जास्त आला तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा पडतो, चोर त्या लाइनवर. थेट जोडलेले डेक, मोबाईल चार्जर, मागचा लाइट फ्यूजमध्ये येत नाहीत, ते वेगळे सोडवून बघा. अर्धा अँपिअर म्हणजे किरकोळ वाटतं ना? दिवसाला १२ एएच झाले. ७५ एएचची बॅटरी सहा दिवसांत रिकामी.

टर्मिनलवरची पांढरी-हिरवी पावडर गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून ब्रशने धुवा, झाकणं घट्ट लावून. सोडा आत जाता कामा नये. इंजिनला जाणारी अर्थची वायरही सोडवून घासून बसवा, तिच्याकडे कुणी बघतच नाही. पाणी फक्त डिस्टिल्ड, प्लेटा बुडून बोटभर वर. बोरचं पाणी नाही, वरून ॲसिडही नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पाणी लवकर आटतं, तेव्हा पंधरा दिवसांनी झाकण उघडून बघा.

*हे करू नका*
चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून 'डायनामो चार्ज करतो का' हे बघायची पद्धत जुनी आहे. अल्टरनेटरच्या ट्रॅक्टरवर तसं केलं तर डायोड जळतात. मेकॅनिक करत असेल तर त्यालाही थांबवा. वायर काढताना आधी मायनस, लावताना मायनस शेवटी. चार्जिंग होत असताना जवळ बिडी नको, त्यातून निघणारा गॅस भडका घेतो.

वॉरंटी कार्डावर विक्रीची तारीख आणि दुकानाचा शिक्का आहे का, आजच बघा. बॅटरी खरंच गेली असेल तर जुनी दुकानातच परत द्या, किंमत वजा होते.

तुमचं रीडिंग, बॅटरी किती एएचची आणि किती जुनी, एवढं लिहून मीटरचा फोटो ग्रुपवर टाका.