तुटणारा तारा काय मागतो?

कार्तिकीच्या वाटेवर आषाढीसारखे ढग नसतात. मुक्कामाला उघड्यावर पथारी टाकावी, आणि काकड्याच्या आधी जाग यावी, तो एखादा तारा सर्रकन तुटताना दिसतो. लगेच कोणी म्हणते, "माग, माग, काय मागायचं ते मनात माग!" तिकडून एखादी म्हातारी म्हणते, "बघू नकोस गं, कुणीतरी गेलं." मागण्याच्या या कल्पनेला बोलपटांनी चांगलेच खतपाणी घातले. १९९८ सालच्या 'कुछ कुछ होता है' या हिंदी बोलपटातही असा प्रसंग आहे. आमचे म्हणणे एवढेच की, मागण्याआधी आपण कोणापाशी मागतो आहोत ते तरी पाहावे.

खगोलशास्त्र सांगते की तो तारा नव्हेच. धूमकेतूच्या मागे राहिलेले वाळूएवढे कण हवेत शिरून जळतात, त्याची ती रेघ. दरवर्षी १७ नोव्हेंबरच्या सुमारास, उत्तररात्री, सिंह राशीकडून अशा उल्का येताना दिसतात. क्वचित मोठा धोंडाही येतो. बुलढाणा जिल्ह्यातले लोणारचे सरोवर अशाच आघाताने झाले आहे. हे सर्व खरेच आहे, ते नाकारण्याचे कारण नाही.

पण आपल्या ग्रंथांत ताऱ्याला वेगळा अर्थ आहे. वनपर्वात अर्जुन इंद्राच्या रथातून स्वर्गाला निघाला, तेव्हा त्याला वाटेत स्वतःच्या तेजाने झळकणारे लोक दिसले. मातली सारथ्याने सांगितले, "पृथ्वीवरून तुला जे तारे दिसत होते, ते हे पुण्यवंत." तारा जर पुण्यवंत, तर तुटणारा तारा कोण? पुण्य सरलेला! गीतेच्या नवव्या अध्यायात (श्लोक २१) हेच सांगितले आहे. माउलींनी तेथे दृष्टांतही मोठा कठोर दिला आहे: पैसा संपलेल्या माणसाला वेश्येच्या दाराला हातसुद्धा लावता येत नाही, तशी या स्वर्गवाल्यांची गत होते. म्हणजे आपण मागतो ते दिवाळखोराकडे!

असा एक तुटलेला तारा आदिपर्वात आहे, ययाती राजा. इंद्राने त्याला विचारले, "तपात तुझ्या तोडीचा कोण?" ययाती म्हणाला, "देवांत, माणसांत, ऋषींत, मला तरी कोणी दिसत नाही." झाले! तेवढ्या एका वाक्याने पुण्य सरले. आम्हांला येथे जरा थांबावेसे वाटते. "आमची ही तिसावी वारी, तुमची कितवी?" हे आपण फडावर किती सहज विचारतो. आम्हीही विचारलेले आहे.

पडताना ययातीने एकच मागितले: "पडायचेच तर सज्जनांत पडू दे." राज्य नाही, स्वर्ग नाही. इंद्राने ते दिले. खाली त्याच्या मुलीची मुले यज्ञ करीत होती. अग्नीसारखे तेज आभाळातून येताना पाहून अष्टक ओरडला, "भिऊ नकोस! तू सज्जनांत आहेस. कोण तू?" प्रत्येकाने आपले पुण्य पुढे केले. ययातीने ते घेतले नाही. दुसऱ्याच्या दानावर चढायचे नाही म्हणाला. पण त्या संगतीतच त्याची वाट पुन्हा उघडली.

ययाती नाइलाजाने पडला. तुकोबारायांनी मात्र आपण होऊन मोक्ष नाकारला आणि गर्भवास पत्करला, संतसंगासाठी. कीर्तनाच्या शेवटी आपण जे मागणे म्हणतो, ते हेच की नाही? दोघांचे मागणे एक, वाट निराळी.

पुढे सोन्याचे पाच रथ आले आणि आजोबांसह नातू निघाले. त्यांत शिबीचा रथ सर्वांच्या पुढे गेला. अष्टकाला नवल वाटले. त्याची समजूत होती की इंद्र आपला मित्र, तेव्हा आपणच पुढे असू. त्याने कारण विचारले. ययाती म्हणाला, "त्याच्याजवळ जे जे होते ते त्याने देऊन टाकले होते."