पूर्णेवरील पूल

मुलांनो, अकोल्याहून अकोटास जाताना गांधीग्राम येथे पूर्णा नदी लागते. तिच्यावरील इंग्रजी अमदानीतील पुलास २०२२ च्या ऑक्टोबरात तडा गेलेला दिसला आणि रहदारी बंद करण्यात आली. लोकांना दूरच्या वाटेने जावे लागले खरे. परंतु तडा वेळीच दृष्टीस पडला, हे भाग्यच म्हणायचे. कारण पुष्कळदा पुराचे पाणी पुलाच्या पायाखालची माती हळूहळू खरवडून नेते आणि वरून जाणाऱ्यास ते कळतही नाही.

कोकणात महाडनजीक सावित्री नदीवरील १९२८ सालचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महापुरात कोसळला. एस. टी.च्या दोन गाड्या उतारूंसह वाहून गेल्या. तेथे नवा पूल बांधण्यास पुढे वर्षही लागले नाही. जून २०१७ मध्ये तो खुला झाला. हे काम जुना पूल उभा असतानाच करता आले असते.