माकूळ व अष्टपाद यांचें बालपण

आपल्या आळंदीस समुद्र दूरचा. इंद्रायणीचें पाणीदेखील भीमा व कृष्णा यांच्या संगतीनें पूर्वेकडे बंगालच्या उपसागरास जातें; कोंकणचा किनारा त्यास कधीं लाभत नाहीं. तथापि पोपटाच्या पिंजऱ्यांत टांगलेला पांढरा, हलका समुद्रफेस पुष्कळांनीं पाहिला असेल. नांव फेस असलें तरी तो फेस नव्हे. माकुळाच्या एका भाऊबंदाच्या पाठींतील तें कवच होय. मुंबईच्या ससून गोदींत टोपल्या भरून उतरणारा माकूळ आणि आठ भुजांचा अष्टपाद हे मासेही नव्हेत. गोगलगाय व कालव यांच्या कुळांतले ते प्राणी आहेत.

सुरवंट व फुलपांखरूं यांत जेवढें अंतर, तेवढें माकुळाचें पिलूं व मोठा माकूळ यांत नसतें. अंड्यांतून निघतांच पिलास डोळे, भुजा, शाईची पिशवी, सर्व कांहीं असतें. मात्र त्याची राहणी निराळी. तांदुळाच्या दाण्याहूनही लहान असें तें पिलूं वरच्या पाण्यांत प्रवाहाबरोबर वाहत जातें. यास अळी म्हणावें कीं न म्हणावें? १९८८ सालीं यंग व हार्मन या शास्त्रज्ञांनीं ‘पॅरालार्व्हा’, म्हणजे अळीच्या जवळचें, असें नांव सुचविलें. अरबी समुद्रांत पाण्याबाहेर झेप घेणारे माकूळ आहेत. त्यांच्या पिलांच्या दोन लांब भुजा जन्मतः जुळलेल्या असून सोंडेसारख्या दिसतात, व वाढीबरोबर त्या सुट्या होतात.

या पिलांस आई नसते म्हटलें तरी चालेल. किनाऱ्यालगतचा माकूळ बोटासारख्या बुळबुळीत पिशव्यांत अंडीं घालून त्या तळाशीं चिकटवितो, व निघून जातो. अष्टपादाची मादी मात्र कपारींत बसून अंड्यांवर स्वच्छ पाण्याचा झोत सोडीत राहते, बहुधा अन्न घेत नाहीं, आणि पिलें बाहेर पडण्याच्या सुमारास मरते. १९७७ सालीं वोडिन्स्की यांनीं अशा माद्यांच्या डोळ्यांजवळच्या दोन ग्रंथी काढल्या. तेव्हां त्यांनीं अंडीं सोडलीं, त्या पुन्हां खाऊं लागल्या व अधिक काळ जगल्या! प्रयोग आम्हांस कठोर वाटतो. परंतु उपासाचें मूळ त्यानेंच उघड झालें.

पिलाची खरी कसोटी पुढेंच आहे. अंड्यांतील बलकाची शिदोरी थोडे दिवस पुरते. उष्ण समुद्रांत गर्भ लवकर वाढतो, तशी शिदोरीही लवकर सरते. तेवढ्यांत कोपेपॉड नांवाचे चपळ, सूक्ष्म जीव पकडण्याची कला साधली पाहिजे. नेम चुकला कीं भक्ष्य उडी मारून निसटतें. आणि शिकविणारें कोणी नाहीं. बहुतेक पिलें या वयांतच नष्ट होतात.

आपल्या समुद्रांतील अशीं पिलें मोठ्या प्रमाणावर हातीं लागलीं तीं १९५९ ते १९६५ या काळांतील आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेंत. अनेक देशांच्या जहाजांनीं एकाच नमुन्याचें जाळें दोनशें मीटर खोलीपासून वर ओढलें. त्यांतील जीवांची निवड कोचीन येथें झाली. याच कार्यांतून १९६६ सालीं राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था निघाली. ती आज गोव्यांत दोना पावला येथें आहे. बरणींतील पिलाची जात ओळखणें सोपें नव्हे. सूक्ष्मदर्शकाखालीं त्याच्या कातडीवरील रंगाचे ठिपके व भुजांवरील चूषकें एक एक करून मोजावीं लागतात.