साथरोगशास्त्र : एक दुर्लक्षित अभ्यासशाखा

बारावीचा निकाल लागला की पेण आणि रोहा या दोन्ही तालुक्यांतील आपल्या वस्त्यांतून एकच चित्र दिसते. ज्याला डॉक्टरकीस प्रवेश मिळाला त्याचा सत्कार होतो. ज्याचे थोडक्यात हुकले त्याच्यापुढे आरोग्यक्षेत्राचे दार कायमचे बंद झाले असे आपण समजतो. कलाशाखेच्या विद्यार्थ्याने तर तिकडे पाहूच नये, असा जणू दंडकच आहे. हा समज बरोबर नाही, हे सांगण्यासाठीच प्रस्तुत लेखाचा प्रपंच.

साथरोगशास्त्र हे नाव ऐकून ते फक्त पटकी, प्लेग किंवा 2020 साली आलेला कोरोना यांचेच शास्त्र असावे असे वाटते. वास्तविक मधुमेह, सर्पदंश, बालमृत्यू, कारखान्यातील अपघात हे सारे त्याच्या कक्षेत येते. डॉक्टर एका रोग्याकडे पाहतो. साथरोगशास्त्राचा अभ्यासक सगळ्या गावाकडे पाहतो. रोग कोणाला झाला, कुठे झाला, केव्हा झाला हे त्याचे पहिले तीन प्रश्न. चौथा प्रश्न मात्र सर्वांत महत्त्वाचा, आणि तोच बहुधा विचारला जात नाही : रोग कोणाला झाला नाही?

आपल्याकडचेच उदाहरण घेऊ. समजा, ऐन पावसाळ्यात रोहा तालुक्यातील एखाद्या गावातून ताप, अंगदुखी, पोटऱ्यांत कळा आणि डोळे लाल अशी तक्रार घेऊन आठ-दहा माणसे प्राथमिक आरोग्य केंद्रात आली. लेप्टोस्पायरोसिसचा संशय येतो. उंदराच्या मूत्रातील हे जंतू खाचरातल्या पाण्याचिखलातून, पायाच्या चिरांतून अंगात शिरतात. औषधोपचार तर लगेच झालाच पाहिजे. पण पुढच्या वर्षी हा आजार टाळायचा असेल तर गावात किती माणसे लावणीला अनवाणी उतरली, त्यांतील किती आजारी पडली, आणि जी उतरलीच नाहीत त्यांच्यात किती आजारी पडली, हे घरोघर जाऊन विचारावे लागते. बँकेत काम करणाऱ्या आमच्यासारख्याला हे चटकन उमजते. नुसते थकबाकीदार मोजून शाखेची स्थिती कळत नाही. एकूण कर्जदार किती, हे आधी ठाऊक असावे लागते.

या हिशेबाचे एक जुने आणि नमुनेदार उदाहरण आहे. सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईत प्लेग उघडकीस आला. डॉ. हाफकिन यांनी प्लेगवर लस तयार करून 10 जानेवारी 1897 रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे 1898 साली बडोदे संस्थानातील उंधेरा या गावी त्यांनी प्रत्येक कुटुंबातील साधारण निम्म्या माणसांना लस टोचली. नंतर गावातील 28 घरांत प्लेग शिरला. त्या घरांतील लस घेतलेल्या 71 जणांपैकी 8 आजारी पडले व 3 दगावले. लस न घेतलेल्या 64 जणांपैकी 27 आजारी पडले व 26 दगावले. म्हणजे एकीकडे शेकडा चार मृत्यू, तर दुसरीकडे शेकडा चाळीस. यातली खुबी अशी की दोन्ही गट एकाच छपराखाली राहणारे होते. घर तेच, अन्न तेच, उंदीर तेच. फरक फक्त लसीचा. विद्यार्थ्यांनी हे आकडे वहीत उतरवून स्वतः भागाकार करून पाहावा. गणित सहावी-सातवीचेच आहे, पण प्रश्न कसा मांडायचा हे शिकायला विद्यापीठ लागते.

आपल्या रायगड जिल्ह्यातही नोंदींच्या बळावर मोठे काम झाले आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 साली महाडजवळच्या बिरवाडी येथे सरकारी वैद्यकीय अधिकारी म्हणून आले. लाल विंचवाच्या दंशाने माणसे मरतात हे कोकणाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. ती नेमकी कशाने मरतात हे मात्र नीट उलगडलेले नव्हते. त्यांनी रोग्यांच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, श्वास यांच्या नोंदी ठेवल्या. मृत्यू हृदय व फुप्फुसांवरील परिणामामुळे होतो हे दाखविले आणि प्राझोसिन हे रक्तदाबावरचे औषध वापरात आणले. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी शंभरात पंचवीस-तीस दगावत. ते प्रमाण एक-दोघांच्या आसपास आले. ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात हे काम छापून आले, ते कोकणातल्या आरोग्य केंद्रातील नोंदींवर!

तथापि दवाखान्याची नोंदवही दवाखान्याच्या दारापासून सुरू होते. जो दारापर्यंत पोहोचलाच नाही त्याचे काय? याचे उत्तर देणारे काम महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीत झाले. डॉ. अभय व डॉ. राणी बंग हे दोघेही आधीच डॉक्टर होते. तरीही त्यांनी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जाऊन सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले, आणि परत येऊन गडचिरोलीसारख्या आदिवासी जिल्ह्यात ठाण मांडले. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतील 650 स्त्रियांची तपासणी त्यांनी केली. दवाखान्यात आलेल्या स्त्रिया मोजण्याऐवजी त्यांनी गावातल्या स्त्रिया मोजल्या. शंभरांपैकी 92 जणींना काही ना काही स्त्रीरोग असल्याचे आढळले. त्यापूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया मात्र शेकडा आठच होत्या. हा अभ्यास 1989 साली प्रसिद्ध झाला. दुखणे अंगावर काढण्याची सवय आपल्या आया-बहिणींना किती आहे हे आपण जाणतोच. पण सरकारदरबारी जाणीव चालत नाही, आकडा लागतो. ज्यांचा आकडा नाही त्यांच्यासाठी अंदाजपत्रकात तरतूदही नाही, हे आमचे स्पष्ट मत आहे.

पुढे याच दांपत्याने नवजात बालकांच्या मृत्यूचा प्रश्न हाती घेतला. 39 गावांत गावातल्याच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन घरोघरी बाळांची काळजी घेण्यात आली व तुलनेसाठी 47 गावांवर केवळ लक्ष ठेवण्यात आले. तिसऱ्या वर्षी पहिल्या गावांत दर हजारी मृत्यू सुमारे 26 वर आले, तर दुसऱ्या गावांत ते सुमारे 60 च राहिले. 1999 साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि 2011 पासून ही पद्धत देशभर स्वीकारली गेली. आज पेणच्या डोंगरातील कातकरी वाडीवर किंवा रोह्याच्या खेड्यात आशाताई बाळंतिणीच्या घरी 42 दिवसांत सहा-सात वेळा फेरी मारतात, बाळाचे वजन करतात, ताप पाहतात. त्या फेऱ्यांचा उगम गडचिरोलीतील त्या तुलनेत आहे. आपल्या भगिनींपैकी जिने आशा म्हणून काम पत्करले असेल तिने आपली नोंदवही हलकी समजू नये. भविष्यातील संशोधनाचा कच्चा माल तिथेच तयार होतो.

आता शिक्षणाविषयी. वैद्यकीय पदवीनंतर सामुदायिक वैद्यकशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेणे हा एक मार्ग. चेन्नईची राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था प्रामुख्याने वैद्यकीय व आरोग्यक्षेत्रातील पदवीधरांसाठी आहे. पण आपल्या कला, वाणिज्य व विज्ञान शाखेच्या मुलामुलींनी देवनार येथील टाटा सामाजिक विज्ञान संस्थेकडे विशेष लक्ष द्यावे. तेथे सामाजिक साथरोगशास्त्र हा विषय घेऊन सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी दिली जात आली आहे व अन्य शाखांच्या पदवीधरांनाही तिचा विचार करता आला आहे. गरिबी, जात, घर, पाणी, कामाचे स्वरूप यांचा आजाराशी संबंध काय, हा तिचा गाभा. हा विषय आपल्या समाजातील विद्यार्थ्याला पुस्तकाआधी घरातच भेटलेला असतो. त्याच परिसरात, 1956 साली स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे; गणित-संख्याशास्त्राची आवड असणाऱ्यांनी तिची चौकशी करावी. पुणे विद्यापीठातही सार्वजनिक आरोग्याचा अभ्यासक्रम आहे. रोह्याहून वा पेणहून गाडीने पनवेल गाठले की हार्बरच्या लोकलने गोवंडी स्थानक येते. पहिल्या दोन्ही संस्था तेथून जवळ आहेत. मुलींना दूर पाठविण्यास कचरणाऱ्या पालकांनी हे अंतर एकदा स्वतः जाऊन पाहावे.

तयारी पदवीच्या पहिल्या वर्षापासून हवी. अर्थशास्त्र, भूगोल किंवा समाजशास्त्र घेणाऱ्याने जोडीला संख्याशास्त्राची ओळख करून घ्यावी. इंग्रजी वाचनाची भीती मोडावी, कारण बहुतेक ग्रंथ त्याच भाषेत आहेत. संगणकावर तक्ता मांडता आला पाहिजे. प्रवेशाचे नियम व परीक्षा वेळोवेळी बदलतात, म्हणून त्या वर्षीचे माहितीपत्रक नीट वाचावे, ऐकीव माहितीवर विसंबू नये. केंद्रीय संस्था केंद्र सरकारच्या नमुन्यातील जातीचा दाखला मागतात. तो, तसेच शिष्यवृत्तीसाठी लागणारा उत्पन्नाचा दाखला, निकालाची वाट न पाहता शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीसच तहसील कार्यालयातून काढून ठेवावा.