पूल आणि पाऊल

प्रास्ताविक

रस्ता, जिना, पादचारी पूल यांचा वापर आपण दररोज करतो. परंतु पायांखालच्या वास्तूचा विचार सहसा मनात येत नाही. जुन्या नगरात नवा पूल बांधताना कशाकशाचे भान ठेवावे लागते, हे या पाठातून आपण समजून घेणार आहोत.

मूळ पाठ

इटलीतील व्हेनिस हे नगर उथळ, खाऱ्या पाण्यातील लहानलहान बेटांवर वसलेले आहे. तेथील मुख्य वाहतूक नावेने आणि पायी चालते. नगराच्या मध्यातून ग्रँड कॅनॉल हा मोठा कालवा नागमोडी वळणे घेत जातो. त्यावरील रिआल्तो हा प्रसिद्ध दगडी पूल १५९१ मध्ये पूर्ण झाला. पुढे आणखी दोन पूल झाले. २००८ च्या सप्टेंबर महिन्यात चौथा पूल लोकांसाठी खुला झाला. बसस्थानक आणि रेल्वेस्थानक यांना तो जोडतो. त्यामुळे हातात सामान घेतलेल्या प्रवाशांची त्यावर सतत ये-जा असते.

स्पॅनिश वास्तुविशारद सांतियागो कालात्रावा यांनी या पुलाचा आराखडा केला. पोलादाची एकच सडपातळ कमान, काचेचे कठडे आणि काचेच्या पायऱ्या! पाण्यात एकही खांब नाही. रात्री दिव्यांच्या उजेडात तो अतिशय मोहक दिसतो.

परंतु पावसाने व दवाने काच निसरडी होई आणि लोक घसरून पडत. पायऱ्यांची रुंदी सारखी नसल्याने पाऊल चुके. जड सामानाच्या आघाताने काचांना तडे जात. पूल चढता न येणाऱ्यांसाठी २०१३ मध्ये बाजूने सरकणारी एक बंद कुपी बसविण्यात आली. ती संथ होती, उन्हाळ्यात आत फार उकडे आणि ती वारंवार बंद पडे. २०२० मध्ये ती काढून टाकावी लागली. वाढलेल्या खर्चाच्या प्रकरणात २०१९ मध्ये तेथील लेखापरीक्षण न्यायालयाने कालात्रावा यांना ७८ हजार युरो भरण्याचा आदेश दिला. २०२२ मध्ये नगरपालिकेने काचेऐवजी दगड बसविण्याचे ठरविले.

या पुलाचे नाव ‘संविधान पूल’ असे आहे. इटलीचे संविधान १९४८ मध्ये अमलात आले. त्याच्या साठाव्या वर्षानिमित्त हे नाव दिले गेले. त्या संविधानाचे तिसरे कलम सर्व नागरिकांना समान मानते आणि समानतेच्या आड येणारे आर्थिक व सामाजिक अडथळे दूर करणे हे राज्याचे कर्तव्य ठरविते. चाकाच्या खुर्चीतील माणसाला पलीकडे जाण्यासाठी प्रवासी नाव आहे. पण संविधानाचे नाव धारण करणारा पूल मात्र त्याला ओलांडता येत नाही.

जुन्या पुलांनाही पायऱ्याच आहेत, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे; पण सोळाव्या शतकाला जे सुचले नाही, ते एकविसाव्या शतकाला सुचायला हवे होते. पुलाचे सौंदर्य दुरून डोळ्यांना दिसते. त्याची खरी परीक्षा मात्र थकलेले पाऊल घेते.

शब्दार्थ

वास्तुविशारद – इमारतींचा आराखडा करणारा तज्ज्ञ
कठडा – पडू नये म्हणून कडेला केलेला आडोसा
कलम – कायद्यातील स्वतंत्र तरतूद

पाठगत प्रश्न

१. काचेच्या पायऱ्यांमुळे कोणत्या अडचणी आल्या?
२. पुलाचे नाव आणि त्याची रचना यांत लेखकाला कोणती विसंगती दिसते?
३. तुमच्या परिसरातील एखादा पूल किंवा जिना वृद्ध व अपंग व्यक्तींना कितपत सोयीचा आहे, ते आठ ओळींत लिहा.