सर्वे क्रमांकाची तारीख होते तेव्हा : संगणकातील प्रकार-बंधन आणि मूल्य-रूपांतर

तलाठ्याच्या दप्तरात ‘१२/३’ असे लिहिलेले असले, तर वाचणाऱ्यास कोणताही संभ्रम पडत नाही. बाराव्या सर्वे क्रमांकाचा तिसरा उपविभाग, एवढाच त्याचा अर्थ. हीच खूण इंग्रजी अंकांत एक्सेल या तक्ता-प्रणालीच्या मोकळ्या चौकटीत टंकलिखित केली, की तेथे १२ मार्च ही तारीख उमटते. वर्षाचा उल्लेख कोणी केलेला नसतो. प्रणाली चालू वर्ष आपल्या पदरचे घालते. चूक ध्यानात आल्यावर चौकटीचे स्वरूप ‘मजकूर’ असे बदलले, तरी मूळ क्रमांक परत मिळत नाही. नोंद २०२४ साली केलेली असेल, तर त्या जागी ४५३६३ हा आकडा दिसू लागतो. एक्सेलमध्ये १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस मानून तारखांना जे अनुक्रमांक दिले जातात, त्यांपैकी हा एक होय. जमिनीशी त्याचा काडीचाही संबंध नाही.

याहून घातक गोष्ट अशी, की त्याच स्तंभातील ‘१३२/५’ हा क्रमांक जसाच्या तसा राहतो. कारण १३२ तारखेचा दिवस कोणत्याच पंचांगात नाही. परिणामी शंभर नोंदींपैकी काही शुद्ध व काही बिघडलेल्या अशी सरमिसळ होते आणि वरवर पाहणाऱ्याच्या नजरेतून दोष निसटतो. बँक खात्यांच्या बाबतीतही असेच घडू शकते. एक्सेल संख्येचे पहिले पंधराच अर्थपूर्ण अंक राखते. सोळा अंकी खाते क्रमांक संख्या म्हणून घातला, तर शेवटच्या अंकाच्या जागी शून्य येते. अनुदानाची यादी अशा तक्त्यावरून तयार झाल्यास लाभार्थी हकनाक खोळंबतो. पणजीचा ०८३२ हा दूरध्वनी संकेतांक ८३२ होऊन बसतो, ही त्या मानाने किरकोळ गोष्ट. शास्त्रज्ञही यातून सुटलेले नाहीत. मानवी जनुकांची ‘मार्च १’, ‘सेप्ट १’ यांसारखी संक्षिप्त नावे तारखांत बदलू लागल्याने नामकरण समितीने ती ‘मार्चएफ १’, ‘सेप्टिन १’ अशी केली आणि २०२० साली त्याविषयीचे धोरण प्रसिद्ध केले. प्रणाली नमेना म्हणून जनुकांनी नावे बदलली, असेच म्हणावे लागेल!

या सर्व घोटाळ्यांच्या मुळाशी जी संकल्पना आहे तिला संगणकशास्त्रात ‘प्रकार’ म्हणतात. संगणकाच्या स्मृतीत शेवटी शून्य आणि एक यांच्या रांगाच असतात. ती रांग संख्या समजावयाची, अक्षरे समजावयाची की तारीख, हे प्रकारावरून ठरते. सर्वे क्रमांकात अंक असले तरी तो संख्या नव्हे. दोन सर्वे क्रमांकांची बेरीज कोणी करीत नाही. ते नावच आहे, अंकांनी लिहिलेले.

वस्तुकेंद्री आज्ञालेखनाची पद्धती येथे उपयोगी पडते. ओस्लो येथील नॉर्वेजियन संगणन केंद्रात ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन निगार्ड यांनी १९६० च्या दशकात तयार केलेल्या सिम्युला या भाषेत तिचा उगम आहे. या पद्धतीत माहिती आणि त्या माहितीवर करावयाच्या क्रिया एकत्र बांधून त्यांची ‘वस्तू’ केली जाते. एकाच जातीच्या वस्तूंचा साचा म्हणजे ‘वर्ग’. ‘जमीन-नोंद’ हा वर्ग कल्पिला, तर सर्वे क्रमांक, क्षेत्रफळ, खातेदाराचे नाव आणि फेरफाराची तारीख हे त्याचे गुणधर्म होतील. प्रत्येक गुणधर्माच्या दारावर पहारा बसविता येतो. सर्वे क्रमांक मजकूरच असावा, क्षेत्रफळ शून्याहून मोठे असावे, तारीख उद्याची नसावी. अशा पहाऱ्यास प्रकार-बंधन म्हणतात. बंधन मोडणारे मूल्य आत येतच नाही, आणि कोणते मूल्य कोणत्या कारणाने नाकारले हे तेथल्या तेथे कळते.

तथापि प्रत्येक वेळी नकार देणे सोयीचे नसते. आलेले मूल्य योग्य रूपात बदलून घेणे, हे झाले मूल्य-रूपांतर. पर्ल भाषेसाठी २००६ साली निघालेल्या मूस या संचात याची शिस्त चांगली आहे. आलेले मूल्य बंधनात बसत असेल, तर त्याला हात लावला जात नाही. बसत नसेल, तर लिहून ठेवलेला रूपांतराचा नियम लावतात आणि बदललेले मूल्य पुन्हा तपासतात. शिवाय त्या गुणधर्मावर रूपांतरास स्पष्ट अनुमती दिलेली असावी लागते. एक्सेलप्रमाणे न विचारता काही होत नाही. पूर्णांकासारख्या मूळ प्रकारांवर मात्र असे नियम लावू नयेत, असा त्याच्या मार्गदर्शिकेचा सल्ला आहे. कारण तो नियम संपूर्ण आज्ञावलीत लागू होतो. एका गावच्या सोयीसाठी तालुक्याचे माप बदलावे, तसा तो प्रकार ठरेल.

क्षेत्रफळाचेच उदाहरण घ्यावे. उताऱ्यावर हेक्टर, आर व चौरस मीटर या क्रमाने ‘०.२५.५०’ असे लिहिलेले असते. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर. म्हणून हे क्षेत्र २,५५० चौरस मीटर. येथे अर्थ एकच असल्याने रूपांतर निर्धोक आहे. परंतु कोणी नुसते ‘०.५’ लिहिले तर? अर्धा हेक्टर म्हटल्यास ५,००० चौरस मीटर, शून्य हेक्टर पाच आर म्हटल्यास ५००. दहापटीचा हा फरक आहे आणि त्यावर दोन भावांची वाटणी अवलंबून असू शकते. अशा ठिकाणी आज्ञावलीने अनुमान बांधू नये. आर दोन अंकी लिहावेत अशी मागणी करून मूल्य परत पाठवावे.

नाकारल्यानंतर पुढे काय, याचाही विचार आधीच व्हावा लागतो. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गियानातील कुरू येथून एरियन ५ हे युरोपीय अग्निबाण पहिल्यांदाच सोडण्यात आले. आडव्या वेगाशी निगडित असलेली ६४ बिटांची अपूर्णांकी संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात बदलण्याचा प्रयत्न त्याच्या दिशादर्शक यंत्रणेतील आज्ञावलीने केला. त्या पूर्णांकात ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. आज्ञावली एरियन ४ वरून घेतलेली होती आणि त्या जुन्या बाणाचा वेग मर्यादेत राहत असे. नव्याचा राहिला नाही. प्रणालीने दोष पकडला, परंतु पकडल्यावर काय करावे हे त्या ठिकाणी लिहिलेले नव्हते. मुख्य व राखीव अशा दोन्ही यंत्रणांत एकच आज्ञावली असल्याने दोन्ही बंद पडल्या, आणि उड्डाणानंतर सुमारे चाळीस सेकंदांत अग्निबाण नष्ट झाला. वास्तविक ती आकडेमोड उड्डाणानंतर आवश्यकही नव्हती.

भाषाभाषांचे स्वभावही भिन्न असतात. जावास्क्रिप्टमध्ये ‘५’ या मजकुरात १ मिळविल्यास ५१ असा मजकूर तयार होतो, आणि त्याच मजकुरातून १ वजा केल्यास ४ ही संख्या मिळते. पायथन ही भाषा अशी बेरीज करावयास साफ नकार देते; सांगितल्याखेरीज ती मजकुराची संख्या करीत नाही. सांगितल्यास मात्र देवनागरी ‘५’ देखील ती संख्या म्हणून स्वीकारते, जे जावास्क्रिप्टला जमत नाही.

पंचायतींत व शाळांत तक्ते भरणाऱ्यांनी सर्वे क्रमांक, खाते क्रमांक व दूरध्वनी क्रमांकाचे स्तंभ नोंदी घालण्यापूर्वीच ‘मजकूर’ म्हणून ठरवून घ्यावेत. एक्सेलच्या नव्या आवृत्त्यांत आपोआप होणारी काही रूपांतरे बंद करण्याची सोय २०२३ पासून उपलब्ध झाली आहे. ज्या तक्त्यांत क्रमांकांच्या तारखा अगोदरच झालेल्या आहेत, ते मूळ कागदी नोंदवहीशी ओळीओळीने ताडून दुरुस्त करावे लागतात.